दाखला हातात देण्याआधी: शाळेतली गोल बैठक

निलंबन हा शब्द कागदावरचा. आमच्याकडे त्याला 'घरी बसवणं' म्हणतात. "आठ दिवस शाळेत दिसू नको, येशील तेव्हा बापाला घेऊन ये" हे ठरलेलं वाक्य, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे दाखला. पण कपाशीच्या वेचणीत घरी बसवलेला नववीचा पोरगा घरी बसत नाही, तो वावरात जातो. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, बाजाराच्या दिवशी हातात रोकड पडते, आणि आठाचे पंधरा दिवस कधी झाले ते कोणाला कळत नाही. दहावीत हे झालं तर बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आडवी येते. ज्याचं नुकसान झालं त्याच्या पदरात तर काहीच पडत नाही. त्याला फक्त इतकंच कळतं की समोरचा गेला, आणि आता गावात गाठेल.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद. म्हणून नववी लागली की काही शाळांना दाखल्याचं हत्यार परत सापडल्यासारखं होतं. खानदेशातल्या गावाकडच्या माध्यमिक शाळांमध्ये आम्ही काही शिक्षक त्याऐवजी गोल बैठक घेतो, म्हणजे ज्याने केलं, ज्याचं नुकसान झालं आणि दोन्हीकडची माणसं गोलात बसून ते नीट कसं करायचं ते ठरवतात. ती नेमकी कशी घेतात, कुठे फसते, ते इथे लिहीत आहोत.

या पद्धतीचं कागदावरचं नाव पुनर्स्थापक न्याय. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीनांच्या गुन्ह्यांत कुटुंबाला सोबत बसवून तोडगा काढण्याची रीत आणली. त्यामागे माओरी समाजाची जुनी पद्धत होती. पुढे ऑस्ट्रेलियात वागा वागा इथे पोलिसांनी ठराविक प्रश्न ठरवून अशा बैठका घेतल्या, आणि १९९४ मध्ये क्वीन्सलँडमधल्या मारूचिडोरच्या हायस्कूलमध्ये मार्ग थॉर्सबॉर्न यांनी तीच पद्धत शाळेत आणली. आपण वापरतो ते प्रश्न बहुतेक तिथलेच.

आता एक प्रकरण धरून चालू. ओळख लागू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. तापीकाठची शाळा, नववीचा वर्ग. सर वर्गात नसताना जे गडबड करतात त्यांची नावं मॉनिटर मुलीने फळ्यावर लिहिली. दोन पोरांना तासभर वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. मधल्या सुट्टीत त्या दोघांनी शार्पनरच्या पात्याने तिच्या सायकलचे दोन्ही टायर फाडले, ट्यूब कापल्या, सीट चिरलं. सायकल सरकारी योजनेतली. मुलगी चार किलोमीटरवरच्या गावची, कॅरियरवर पाचवीतला धाकटा भाऊ.

पहिल्या दिवशी बैठक घ्यायची नाही, हा पहिला नियम. त्या दिवशी डोकी तापलेली असतात, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं करून घेतलेली कबुली दुसऱ्या दिवशी टिकत नाही. त्या दिवशी तीनच कामं. मुलगी आणि भाऊ सुखरूप घरी पोचतील याची सोय. दोन्ही पोरांना वेगवेगळं बसवून घडलेलं त्यांच्या शब्दांत लिहून घेणं. एकत्र बसवलं की दोघांचा कागद एकच निघतो. आणि मोडलेल्या वस्तूचा फोटो. बैठक साधारण तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत व्हावी. त्याहून उशीर झाला तर गावात कोणाकोणाचं बोलणं होऊन बाजू पक्क्या झालेल्या असतात.

खरं काम मधल्या दिवसांतलं. बैठक दिसते म्हणून लोक ती बघायला मागतात, पण तिचा निकाल आधीच्या एकेकट्या भेटींत ठरतो. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. ज्याने केलं त्याला, ज्याचं नुकसान झालं त्याला, आणि दोन्हीकडच्या घरच्यांना वेगवेगळं भेटायचं. पालकांना शाळेत बोलवायचं नाही, आपण जायचं. शाळेत बोलावलेला बाप मान खाली घालून येतो आणि घरी जाऊन पोराला बदडतो. संध्याकाळी ओट्यावर बसून बोललं की तोच माणूस विचार करून बोलतो.

केलं त्याला विचारायचे प्रश्न असे: काय झालं? तेव्हा डोक्यात काय चाललं होतं? नंतर काय वाटत राहिलं? कोणाकोणाला त्रास झाला? आता ते नीट करायला काय करावं लागेल? यात 'का केलंस' हा प्रश्न मुद्दाम नाही. 'का' म्हटलं की पोरगं एकतर सबब शोधतं, नाहीतर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभं राहतं. ज्याचं नुकसान झालं त्याला विचारायचं: कळलं तेव्हा काय वाटलं? तेव्हापासून काय बदललं? सगळ्यात जड काय गेलं? काय झालं तर बरं वाटेल?

भाषेचंही बघावं लागतं. पुस्तकी मराठीत विचारलं की उत्तरही पाठ केलेलं येतं: "माझ्याकडून चूक झाली, मी माफी मागतो." तोच प्रश्न अहिराणीत "काय व्हयनं रे?" असा विचारला की पोरगा सायकल स्टँडपासून सांगायला लागतो. पावरी किंवा भिली बोलणारी मुलं असतील तर ती बोली जाणणारं कोणीतरी बैठकीत हवंच. शिक्षकांत नसेल तर वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी चालतो. दोन्हीकडच्यांचा त्याच्यावर भरवसा आहे का, ते मात्र आधी विचारून घ्यावं.

या भेटींतून तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात. केलं त्याने 'मी केलं' असं ढोबळमानाने तरी मान्य केलेलं असावं; नाकारत असेल तर बैठक नाही, कारण ती चौकशी नाही. ज्याचं नुकसान झालं ते मूल स्वतःच्या मनाने यायला तयार असावं. आणि समोरासमोर आल्याने त्याला नवा त्रास होणार नाही याची आपल्याला खात्री असावी. यातली एक जरी गोष्ट नसली तरी थांबायचं. मुलीच्या घरचे "पोरीचं नाव निघेल" म्हणून नाही म्हणतात, हे नेहमीचं. तेव्हा ओढाताण न करता निरोपाने काम करायचं: तिचं म्हणणं ती लिहून देते, शाळेतल्या सखी सावित्री समितीतल्या (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती) बाई ते वाचून दाखवतात, उत्तर तिच्याकडे परत नेतात. समोरासमोर बसण्याची धार त्याला येत नाही, पण नुकसान भरून निघतं.

काही प्रकरणं मात्र या वाटेने न्यायचीच नाहीत. लैंगिक छळाचा संशय असला तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. तिथे बैठक, समजूत, 'आपसात मिटवू' काही नाही. गावात दडपण नेमकं इथेच सगळ्यात जास्त येतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. जात किंवा जमात काढून केलेला अपमान, हत्यार, शिक्षकाने मुलाला मारणं, हेही बैठकीचे विषय नव्हेत. शेवटच्या प्रकारात तर बैठक घेणारा आणि मारणारा एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात.

कोण बसणार ते नावानिशी ठरतं. या प्रकरणात मुलगी, तिची आई, तिची एक मैत्रीण, दोन पोरं आणि प्रत्येकाच्या घरचं एक माणूस, वर्गशिक्षक, बैठक घेणारी बाई आणि लिहिणारा एक शिक्षक. दहा जण झाले. बारापुढे गेलं की फेरी लांबते आणि पोरं गप्प होतात. वर्गशिक्षकाने बैठक घ्यायची नाही, कारण तोही त्या भानगडीतला माणूस असतो. फळ्यावर नावं लिहायला त्यानेच सांगितलेलं असतं. संस्थेचे चेअरमन, सरपंच, पोलीस पाटील यांना बोलवू नये. न बोलावता आले तर चहा पाजून ऑफिसात बसवावं. त्यांच्यामुळे बैठकीची पंचायत होते. आपल्या भागात पंच बसवून दंड ठरवायची सवय जुनी आहे, सातपुड्याच्या पाड्यांवर तर फारच, आणि बरेच बाप 'किती भरू?' असं विचारतच येतात. पंचांत निवाडा वरून येतो. इथे बैठक घेणाऱ्याने निवाडा द्यायचाच नसतो, त्याने फक्त प्रश्न विचारायचे. हे पालकांना भेटीतच दोनदा सांगावं लागतं. एकदा सांगून पुरत नाही.

दिवस शक्यतो बाजाराचा धरावा, त्या दिवशी मजुरीला खाडा असतो. नाहीतर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. आईचा वेचणीचा दिवस मोडून बैठक घेतली तर तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे.

खोलीत टेबल नको. सगळे एकतर खुर्च्यांवर, नाहीतर सगळे सतरंजीवर. सरांना हाताची खुर्ची आणि पालक खाली, असं झालं की गोल मोडला. बसायची जागा आधी ठरवून ठेवावी. मुलीच्या एका हाताला आई, दुसऱ्या हाताला मैत्रीण. पोरं तिच्या अगदी समोर नकोत, थोडी तिरपी. तापट बाप आणि त्याचा मुलगा यांच्यामध्ये एक माणूस बसवावा, कारण बैठकीत हात उचलला जाण्याची भीती खरी असते. ते भेटीतच सांगायचं: "काका, तिथं हात उचलला तर बैठक तिथंच बंद." आई सासऱ्यासमोर किंवा जेठासमोर बोलणार नसेल तर त्यांना आणू नका असं स्पष्ट सांगावं, पदर सावरत गप्प बसलेल्या आईकडून काहीच कळत नाही.

बोलण्याची पाळी दिसावी म्हणून हातात द्यायला एखादी वस्तू असते. ज्याच्या हातात ती, तोच बोलेल. डस्टर नको, त्याला मास्तरकीचा वास आहे. कपाशीचं बोंड सुंदर दिसतं, पण पोरं बोलताना त्यातली सरकी काढत बसतात, आणि शेवटी सतरंजीभर कापूस. लाकडी भोवरा बरा; जड असतो, मुठीत मावतो.

क्रम असा. नियम दोन मिनिटांत. मग सुरुवात ज्याने केलं त्याच्यापासून. लोकांना हे उलटं वाटतं, पण कारण आहे: मुलगी आधी बोलली तर पोरं बचावाच्या तयारीने ऐकतात, आणि तिलाही, समोरचे कबूल करणार की नाही हे माहीत नसताना बोलावं लागतं. पोरांनी पात्यापासून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं की तिच्यावरचं ओझं उतरतं. तिला आधी बोलायचं असेल तर अर्थातच तिची पाळी आधी. त्यानंतर ती, मग तिच्या बाजूची माणसं, मग पोरांच्या घरची, वर्गशिक्षक सगळ्यांत शेवटी. मग परत पोरांकडे: "हे सगळं ऐकून आता काय वाटतं?"

या प्रकरणात एक पोरगा म्हणाला, "आमले वाटनं, मस्करी शे." कोणी त्याला टोकलं नाही, भोवरा पुढे गेला. मुलगी टायरबद्दल फार बोललीच नाही. ती म्हणाली, "सायकलनं काई नै, मनी शाळा बंद व्हई जाई आसं वाटनं." चार किलोमीटर पायी येताना पाचवीतला भाऊ रडायचा, आई मजुरी सोडून दोन दिवस सोडायला आली, आणि तिसऱ्या दिवशी आई म्हणाली की पुरे झाली शाळा. शिवाय सायकल स्टँडवर बघत उभी असलेली बाकीची पोरं तोंडातून शब्द काढत नव्हती, ते तिला जास्त लागलं होतं. त्या दोघांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबात टायर म्हणजे टायर.

इथे बैठक घेणाऱ्याचं सगळ्यात अवघड काम असतं गप्प बसणं. सांत्वन करायचं नाही, उपदेश करायचा नाही, शांतता पसरली तर वीसपर्यंत आकडे मोजायचे. आम्हा शिक्षकांना हे जमणं कठीण. पाच मिनिटांनी कोणीतरी 'आईबाप किती कष्ट करतात' यावर भाषण सुरू करतोच. मुख्याध्यापकांना बैठकीत घ्यायचं असेल तर शेवटी सही करायला घ्या.

"तिची माफी माग" असं कोणीही म्हणायचं नाही, आणि मुलीला "आता माफ कर" असं तर मुळीच नाही. माफी आपोआप आली तर येते. न येता नुकसान भरून निघालं तरी बैठक झालीच.

पुढे करारनामा. आधी मुलीला विचारायचं काय हवं, मग पोरांना विचारायचं काय जमेल. तीन ते पाच कलमं, सहा आठवड्यांत संपणारी. प्रत्येक कलमात कोण, काय, कधीपर्यंत, आणि कोण बघणार. 'पुन्हा असं करणार नाही' हे कलम होत नाही, ते तपासायचं कधी? या सायकलचा खर्च दोन टायर, दोन ट्यूब, सीट आणि मजुरी धरून ११४० रुपये निघाला. एका बापाने तिथेच पाकीट काढलं. ते थांबवावं लागतं, कारण बापाने भरलं की पोराचा संबंध संपतो. उलट टोकाला दुसऱ्याचं म्हणणं, पोराला वेचणीला घालतो, फेडेल. तेही नाही, वावरात पाठवायचं असतं तर घरी बसवण्यात काय वाईट होतं?

ठरलं ते असं. सामानाचे पैसे दोन्ही घरं निम्मे निम्मे देतील. टायर-ट्यूब पोरं स्वतः बसवतील, शनिवारी शाळेच्या आवारात, गावातला सायकल दुरुस्तीवाला शेजारी बसून सांगेल. दुरुस्ती होईपर्यंत बहीण-भावाचं रिक्षाचं भाडं दोन्ही घरं देतील. ती पोरं वर्गासोबत स्टँडवर नजर ठेवायच्या पाळ्या लावतील. आणि पाचवं कलम वर्गशिक्षकाचं: मॉनिटरने फळ्यावर नावं लिहायची पद्धत बंद. हे कलम पोरांनी मागितलं नव्हतं, मुलीने मागितलं. शिक्षकाच्या वाट्याला एकही कलम आलं नाही तर तो करार मुलांना एकतर्फी वाटतो, आणि बऱ्याचदा तो असतोच.

परिपाठाला सगळ्यांसमोर माफी, संडास धुणं, गळ्यात पाटी, अशी कलमं पालकांकडून हमखास सुचवली जातात. ती घ्यायची नाहीत. तो मानसिक छळ आहे.

करार लिहायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा. हा चहा वगळू नये. लिहिणारा कोपऱ्यात लिहीत असतो, भोवरा खाली ठेवलेला असतो, आणि माणसं पहिल्यांदा बिनप्रश्नाची बोलतात. दोन्ही आया एकाच मळ्यात वेचणीला गेल्या होत्या, असं इथेच निघतं. पोरगा स्वतः कपबशी नेऊन मुलीच्या आईपुढे धरतो, नजर जमिनीवर. आधीच्या सव्वा तासात जे जमलं नाही ते कधी कधी या पंधरा मिनिटांत होतं, आणि ते करारात लिहायची गरज नसते.

हा सगळा हिशेब मांडला तर एका प्रकरणाला शिक्षकाचे सहा-आठ तास जातात. निलंबनाचं पत्र दहा मिनिटांत होतं. निवडणुकीच्या याद्या, ऑनलाइन माहिती आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून हे करायचं म्हणजे वर्षात मोजकीच प्रकरणं झेपतात. म्हणून किरकोळ भांडणं तिथल्या तिथे, वऱ्हांड्यात, त्याच पाच प्रश्नांवर पाच मिनिटांत सोडवायची आणि मोठी बैठक खरोखर मोठ्या प्रकरणाला राखायची. आठवड्यातून एकदा वर्गात पंधरा-वीस मिनिटांचा साधा गोल घेतला तर फायदा होतो. विषय काहीही: या आठवड्यात काय आवडलं, कोणाची आठवण आली. ज्या पोराने कधी गोलात तोंड उघडलं नाही, ते भानगडीच्या दिवशी पहिल्यांदा उघडेल ही अपेक्षा फोल आहे.

हा रामबाण आहे असं समजून कोणी सुरू करू नये. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ४४ शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून रँड या संशोधन संस्थेने दोन वर्षं या पद्धतीची तपासणी केली. अहवाल २०१८ चा. निलंबनाचे दिवस घटले, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारलेलं वाटलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. इंग्लंडमध्ये ४० माध्यमिक शाळांत अशीच तपासणी झाली, तिथे छळ थोडा कमी झाला, मारामारीत फरक पडला नाही. आमचा अंदाज असा की तासिका मोडून बैठका घेतल्या तर अभ्यास मागे पडणारच. म्हणून आम्ही ती शाळेच्या वेळेत घेत नाही.

पद्धत बिघडायची एक खूण लवकर दिसते. शिक्षक वर्गात म्हणायला लागतात, "थांब, तुला गोलात बसवतो." त्या दिवसापासून गोल म्हणजे शिक्षा, आणि पोरं तिथे बोलायचं सोडून देतात. ते वाक्य स्टाफ मीटिंगमध्येच बंद पाडावं.

करारावर एका आठवड्याने, तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी नजर टाकायची, तारखा करारातच लिहायच्या. बघणारा माणूस मुलीला आधी विचारतो, पोरांना नंतर. एखादं कलम मोडलं तर लगेच जुन्या शिक्षेकडे वळायचं नाही. छोटी बैठक, चार-पाच माणसं, एकच प्रश्न: कुठं अडलं? बहुतेक वेळा कलमच अशक्य असतं, म्हणजे शनिवारी पोराला गुरांमागे जावं लागतं हे कोणी विचारलेलंच नसतं. कलम बदलायचं. दुसऱ्यांदा मुद्दाम मोडलं, किंवा मुलीला धमकी आली, तर बैठकीची वाट संपली. मग शाळेची नेहमीची कारवाई, आणि ती होईल हे सुरुवातीच्या भेटीतच सांगितलेलं असावं.

कागदाचा नियम एकच. करार आणि जबाब बंद पाकिटात बैठक घेणाऱ्याकडे राहतात, मुलाच्या शाळेच्या नोंदीत जात नाहीत. शेवटची तारीख पार पडली आणि मुलगी 'झालं' म्हणाली की पाकीट तिच्या आणि पोरांच्या समोर फाडायचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो, तिथे या प्रकरणाचा एक शब्दही उतरू द्यायचा नाही. कारकुनाला हे वेगळं सांगावं लागतं, कारण फळ्यावरची नावं त्यालाही माहीत असतात.